आईचा आजार, मुलाचे वय आणि अल्झायमरचे संशोधन

परभणी जिल्ह्यातील एका प्राथमिक शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आईचे वय ७१ वर्षे. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत, पण दुधाच्या रतिबापासून बी-बियाण्याच्या उधारीपर्यंत घरचा सगळा हिशोब त्यांच्या तोंडी असे. गेल्या दोन वर्षांपासून त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, आठवडी बाजारातून परतताना एकदा घरची वाट चुकल्या, आणि पैशांचा डबा सुनेने लपवला असा आळ घेतात. गावात सगळे म्हणतात, वय झाले, म्हातारचळ लागला. शिक्षकांच्या वाचनात मात्र अल्झायमर या विस्मरणाच्या आजारावरची परदेशातील नवी इंजेक्शने आणि रक्ताची नवी तपासणी आली आहे. हे वय आहे की आजार, एखादा एकर विकून ते इंजेक्शन द्यावे का, आणि स्वतःचे वय ४८ असताना हा आजार आपल्याही वाट्याला येईल का, त्यासाठी जनुकांची तपासणी करून घ्यावी का, असे ते विचारतात.

गुरुजी, मराठवाड्यात मेंदूविकारांचे रुग्ण पाहण्यात माझे आयुष्य गेले आहे आणि हे तिन्ही प्रश्न मला सतत ऐकू येतात. वरवर ते तीन दिसले तरी मुळात ते दोन माणसांचे आहेत: एक आपल्या आईंचा आणि एक आपला. दोघांची उत्तरे वेगळी आहेत. आईंसाठी संशोधनाने आज हाती दिलेले थोडे आहे. आपल्यासाठी दिलेले बरेच आहे, आणि त्याला जमीन विकावी लागत नाही.

आधी वय आणि आजार यांतील फरक पाहू. वयाने मेंदू मंदावतो, हे खरे आहे. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते, चष्मा कुठे ठेवला ते सापडत नाही, नवा मोबाइल शिकायला नातवापेक्षा दसपट वेळ लागतो. पण ते नाव संध्याकाळपर्यंत आठवते, आणि आपण विसरलो होतो हेही लक्षात राहते. चाळीस वर्षे पायाखालची असलेली वाट चुकणे, तासाभरापूर्वी जेवल्याचे साफ पुसले जाणे, आणि वस्तू सापडली नाही की ती कुणीतरी चोरली अशी खात्री वाटणे, हे वयाने होत नाही. आपण वर्णन केलेली लक्षणे आजाराकडे बोट दाखवतात. कोणत्या आजाराकडे, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

वय आणि अल्झायमर यांचे नाते मात्र घट्ट आहे. पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी या आजाराचे प्रमाण साधारणपणे दुप्पट होत जाते, आणि त्यामुळे पुरेसे जगले तर प्रत्येकाला तो होणारच असा समज पसरला आहे. तो खरा नाही. अमेरिकेत १९८६ साली डेव्हिड स्नोडन यांनी सुरू केलेल्या अभ्यासात ६७८ ख्रिस्ती नन सहभागी झाल्या. त्यांनी ठरावीक काळाने स्मृतीच्या चाचण्या दिल्या आणि मृत्यूनंतर मेंदूही तपासणीसाठी दिला. त्यांतील काहींच्या मेंदूत आजाराच्या खुणा भरपूर होत्या, तरी अखेरपर्यंत त्यांची बुद्धी शाबूत होती. मेंदूत साठलेली शिदोरी, म्हणजे शिक्षण, भाषा, कामातील गुंतागुंत आणि माणसांचा सहवास यांतून तयार झालेली क्षमता, झीज सोसू शकते, या विचाराला अशा अभ्यासांनी आधार दिला.

वार्धक्याच्या मूलभूत संशोधनाबद्दल आपण विचारले नव्हते, पण वर्तमानपत्रांत त्याच्याच बातम्या अधिक येतात, म्हणून चार शब्द. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवले की प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या सामान्य पेशी ठरावीक वेळाच विभागतात आणि मग थांबतात. १९९३ मध्ये सिंथिया केनियन यांच्या गटाने एका सूक्ष्म कृमीतील एकच जनुक बदलून त्याचे आयुष्य दुपटीहून अधिक केले. २००९ मध्ये रापामायसिन हे औषध म्हातारपणी सुरू करूनही उंदरांचे आयुष्य वाढले. पेशी आपला कचरा स्वतः कसा पचवते याच्या शोधासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले, आणि मेंदूच्या दृष्टीने हा धागा फार मोलाचा आहे, कारण अल्झायमर हा बराचसा न निघालेल्या कचऱ्याचा आजार आहे. वयाबरोबर कचरा उपसण्याची शक्ती घटते, मेंदूतील सफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी थकतात आणि उलट दाह वाढवू लागतात, बारीक रक्तवाहिन्या कडक होतात. एवढे सगळे खरे असले, तरी माणसाचे आयुष्य वाढवते असे सिद्ध झालेले एकही औषध आज नाही. तारुण्य टिकवण्याच्या आणि स्मरणशक्ती वाढवण्याच्या नावाने शहरांत विकल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्यांवर एक रुपयाही घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता खुद्द आजार. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला नवऱ्याबद्दल संशय येत असे, वस्तू ती लपवून ठेवी, आणि स्वतःचे नाव लिहिताना मध्येच अडे. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेन येथील बैठकीत दोन गोष्टी मांडल्या: पेशींच्या बाहेर साचलेले गठ्ठे आणि पेशींच्या आत झालेले धाग्यांचे गुंते. गठ्ठे अमायलॉइड बीटा या प्रथिनाचे आणि गुंते टाऊ या प्रथिनाचे, हे कळायला पुढे जवळपास ऐंशी वर्षे लागली.

अमायलॉइडवर संशय घट्ट झाला तो जनुकांमुळे. ज्या प्रथिनापासून अमायलॉइड तुटून निघते त्याचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे, आणि ते गुणसूत्र जन्मतःच तिसऱ्यांदा असलेल्या डाउन सिंड्रोमच्या व्यक्तींमध्ये अल्झायमरचे बदल चाळिशीतच दिसतात. १९९१ मध्ये काही कुटुंबांत याच जनुकातील दोष सापडला, १९९५ मध्ये अमायलॉइड तुटून निघण्याशी संबंधित प्रेसेनिलिनची दोन जनुके सापडली. २०१२ मध्ये आइसलँडमधून याची दुसरी बाजू पुढे आली: याच जनुकातील एक दुर्मीळ बदल अमायलॉइड कमी करतो आणि तो असलेल्या लोकांना हा आजार कमी होतो. मला स्वतःला हा पुरावा फार वजनदार वाटतो. मध्यंतरी, अमायलॉइडच्या एका विशिष्ट प्रकाराबद्दलचा २००६ चा एक गाजलेला शोधनिबंध त्यातील चित्रांत फेरफार आढळल्याने २०२४ मध्ये मागे घेतला गेला, आणि सगळे संशोधनच खोटे होते अशी हाकाटी झाली. तो प्रकार गंभीर होता. पण वर सांगितलेला जनुकांचा पुरावा त्या निबंधावर उभा नव्हता.

तरीही अमायलॉइड म्हणजेच आजार, असे समीकरण मांडता येत नाही. स्मृतिभ्रंश, म्हणजे रोजचे जगणे अडवणारी स्मृती-बुद्धीची घसरण, किती आहे याचा मेळ गठ्ठ्यांपेक्षा टाऊच्या गुंत्यांशी अधिक बसतो. कोलंबियातील एका मोठ्या कुटुंबात प्रेसेनिलिनच्या दोषामुळे चाळिशीच्या मध्यावरच विस्मरण सुरू होते. त्याच कुटुंबातील एका स्त्रीच्या मेंदूत अमायलॉइड काठोकाठ भरलेले असूनही तिची बुद्धी सत्तरीपर्यंत टिकली. तिच्याकडे एपीओई या जनुकाचा एक दुर्मीळ प्रकार आई-वडील दोघांकडून आलेला होता आणि तिच्या मेंदूत टाऊ फारसे पसरलेले नव्हते. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज अनेक प्रयोगशाळा त्याच दाराने आत शिरू पाहत आहेत.

या सगळ्यांतून आपल्या दोघांसाठी सर्वांत महत्त्वाचा ठरलेला शोध काळाचा आहे. २००४ पासून जिवंत माणसाच्या मेंदूतील अमायलॉइड पेट स्कॅन या खास चित्रण-तपासणीत पाहता येऊ लागले, आणि आनुवंशिक प्रकार असलेल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षे माग काढला गेला. तेव्हा दिसले की पहिले विस्मरण जाणवण्याच्या पंधरा ते वीस वर्षे आधीच मेंदूत साठा सुरू झालेला असतो. आपल्या आईंना अल्झायमरच असेल, तर त्याची सुरुवात त्यांच्या पन्नाशीच्या आसपास झाली असावी. म्हणजे त्या साधारण आपल्या आजच्या वयाच्या होत्या.

प्रथम आईंकडे वळतो. त्यांना तपासणीसाठी न्या, पण कशी तपासणी, हेही समजून घ्या. जगभर वापरल्या जाणाऱ्या स्मृतीच्या चाचण्या शाळा शिकलेल्या माणसांसाठी बनल्या आहेत. शंभरातून सात वजा करत चला, घड्याळाचे चित्र काढा, हे वाक्य वाचून तसे करा, असे प्रश्न कधी पाटी न धरलेल्या बाईंना विचारले तर निरोगी बाईही नापास होते. हरियाणातील बल्लभगड येथे मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीत चाचणी तयार केली, ती याच अडचणीतून. आपल्याकडे मी विचारतो ते असे: रानात सध्या काय पेरले आहे, कोणता सण येऊन गेला, पंचवीस रुपयांचे शेंगदाणे घेऊन शंभराची नोट दिली तर किती परत येतील. विळा, घागर आणि चिंच ही तीन नावे सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारतो. पुरणपोळीची कृती सांगायला लावतो. ज्या बाईंनी आयुष्यभर पुरण शिजवले त्या डाळ शिजत घालतात, गूळ घालतात आणि मग पुन्हा डाळ निवडायला बसतात, तेव्हा निदानाची दिशा कळते. आणखी एक खूण असते. प्रश्न विचारला की रुग्ण उत्तर देण्याआधी मान वळवून शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहतो. ही लहानशी हालचाल मी नेहमी लक्षपूर्वक पाहतो.

विस्मरणाची काही कारणे बरी होण्यासारखी असतात आणि ती आधी शोधली पाहिजेत. थायरॉइड मंदावणे, रक्तातील सोडियम घटणे, ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता ही त्यांतली नेहमीची. माळकरी, पूर्ण शाकाहारी घरांत ब १२ ची तपासणी मी कधीच टाळत नाही. न्हाणीत पाय घसरून डोक्याला मार लागला, त्या वेळी काही वाटले नाही, आणि काही आठवड्यांनी कवटीच्या आत साचलेल्या रक्तामुळे माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, असे रुग्ण आम्ही पाहतो. शस्त्रक्रियेनंतर त्यांतील बरेच पूर्ववत होतात. म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय एकदा व्हावा. नैराश्यही विस्मरणाचे सोंग घेते. त्याशिवाय घरातील औषधांची पिशवी. गुडघ्यासाठी एकाने दिलेले, झोपेसाठी दुसऱ्याने, सर्दीसाठी मेडिकलवाल्याने, असे सगळे त्या कॅरीबॅगेत एकत्र नांदत असते. क्लोरफेनिरामिन, अॅमिट्रिप्टिलीन, ट्रायहेक्सिफेनिडिल यांसारखी औषधे मेंदूतील असेटिलकोलीन या रसायनाचे काम अडवतात, आणि अल्झायमरमध्ये तुटवडा असतो तो त्याचाच. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांनीही वृद्धांचा गोंधळ वाढतो. ही औषधे आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत, पण कोणती काढता येतील हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

एवढे करून निदान अल्झायमरचे ठरले, तर जुनी औषधे आहेतच. डोनेपेझिल १९९६ पासून, तर मेमान्टिन अमेरिकेत २००३ पासून उपलब्ध आहे. दोन्ही आपल्याकडे मिळतात आणि नव्या इंजेक्शनांच्या तुलनेत स्वस्त आहेत. ती आजार थांबवत नाहीत. काही रुग्णांत काही काळ लक्ष, बोलणे आणि रोजची कामे थोडी सुधारतात, इतकेच. नाडी मंद असणाऱ्यांना डोनेपेझिल जपून द्यावे लागते, म्हणून आधी ईसीजी काढून घ्यावा.

नव्या इंजेक्शनांचे आकडे आपण स्वतः पाहावेत, म्हणून देतो. लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ च्या जुलैत पूर्ण मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ती मिळाली तीत १७९५ रुग्ण होते, सगळे अगदी सुरुवातीच्या अवस्थेतील. दीड वर्षात घसरण औषध घेणाऱ्यांतही झाली, पण इतरांपेक्षा २७ टक्के हळू झाली. १८ गुणांच्या मापनावर हा फरक ०.४५ गुणांचा होता. तो संख्याशास्त्राच्या दृष्टीने खरा आहे. घरच्यांना तो जाणवेल का, याबद्दल तज्ज्ञांतच मतभेद आहेत. त्याच चाचणीत सुमारे १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूत सूज दिसली आणि १७ टक्क्यांच्या आसपास रुग्णांत बारीक रक्तस्राव दिसले. बहुतेकांना त्रास झाला नाही, पण या गटातील औषधांनी काही मृत्यूही झाले आहेत. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, आधी अमायलॉइड असल्याची खात्री, आणि पहिल्या काही महिन्यांत वारंवार एमआरआय, असा तो कार्यक्रम आहे. २०२४ मध्ये मान्यता मिळालेले डोनानेमॅब महिन्यातून एकदा देतात, पण धोके आणि अटी त्याच जातीच्या आहेत. त्याआधी २०२१ मध्ये मोठ्या वादात मान्यता मिळालेले अडुकानुमॅब कंपनीने २०२४ मध्ये थांबवले.

मी या संशोधनाला कमी लेखत नाही. शंभर वर्षांत प्रथमच आजाराच्या मुळाशी जाऊन त्याचा वेग बदलता आला, आणि पुढची औषधे याच पायावर उभी राहतील. पण वाट चुकणे आणि आळ घेणे या टप्प्यावर आलेल्या आईंसाठी, गावातून एमआरआयच्या केंद्रापर्यंत पुन्हा पुन्हा ये-जा करत, जमीन विकून हे औषध द्यावे असा सल्ला मी देणार नाही. माझ्या स्वतःच्या घरात हा प्रश्न आला असता तरी उत्तर हेच राहिले असते.

रक्ताची तपासणी ही मात्र मला खरोखर आशा देणारी गोष्ट वाटते. टाऊ प्रथिनाचा पी-टाऊ २१७ हा प्रकार आणि अमायलॉइड यांचे रक्तातील गुणोत्तर मोजणाऱ्या तपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये प्रथमच परवानगी दिली, ती ५५ वर्षांवरील आणि लक्षणे असलेल्या लोकांसाठी. पेट स्कॅनसाठी मोठे शहर गाठावे लागते. रक्ताची नळी मात्र बर्फाच्या डब्यातून तालुक्याहूनही पाठवता येते. ही सोय स्वस्त होऊन आपल्याकडे रुळली, तर ग्रामीण भागातील निदानाचे चित्रच पालटेल. तरी लक्षणे नसलेल्या निरोगी माणसाने ती हौसेने करून घेऊ नये. अमायलॉइड असूनही कधीच स्मृतिभ्रंश न होणारे लोक पुष्कळ आहेत, आणि निकाल ‘आहे’ असा आला तर आज त्यावर द्यायला सिद्ध उपाय नाही, काळजी मात्र जन्मभराची.

जनुकांच्या तपासणीलाही हेच लागू आहे. ठरावीक दोषामुळे चाळिशी-पन्नाशीतच, पिढ्यान्‌पिढ्या निम्म्या भावंडांना गाठणारा अल्झायमर एकूण रुग्णांच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. आपल्या आईंना साठीनंतर त्रास सुरू झाला. तो प्रकार असण्याची शक्यता फार कमी. एपीओई जनुकाचा एपीओई ४ हा प्रकार धोका वाढवतो हे १९९३ पासून माहीत आहे: युरोपीय वंशाच्या लोकांत एका प्रतीने सुमारे तिप्पट आणि दोन प्रतींनी आठ ते बारा पट. पण तो असलेले अनेक जण आजाराविना जगतात आणि नसलेल्या अनेकांना आजार होतो. बल्लभगडच्या अभ्यासात या प्रकाराचे प्रमाण अमेरिकेतील तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळले होते, म्हणून परदेशी आकडे आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. आई किंवा वडिलांना आजार असेल तर मुलांचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त असतो, हे खरे. त्यासाठी तपासणीवर पैसे घालवण्याऐवजी पुढील गोष्टींवर लक्ष द्या.

२०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगभरचा पुरावा एकत्र करून १४ बदलता येण्यासारखी कारणे मांडली आणि ती सगळी दूर झाली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज दिला. हा अंदाज लोकसंख्येचा आहे, एका माणसाची हमी नाही. त्या कारणांतील रक्तदाब मी सर्वांत वर ठेवतो. अमेरिकेतील ९३६१ लोकांच्या स्प्रिंट चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवला, तेव्हा सौम्य बोधनदोषाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाआधीच्या हलक्या घसरणीचे, प्रमाण १९ टक्क्यांनी घटले. स्मृतिभ्रंशातील घट मात्र निर्णायक ठरली नाही. मग २०२५ मध्ये ग्रामीण चीनमधील चाचणीचे निष्कर्ष आले. ३२६ गावे, जवळपास ३४ हजार माणसे. निम्म्या गावांत गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी ठरलेल्या पद्धतीने रक्तदाबाच्या गोळ्या सुरू केल्या, वाढवल्या आणि लोकांकडून नियमित घेववल्या. चार वर्षांनंतर त्या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी आढळला. मला हा अभ्यास अलीकडच्या काळातील सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यातील गाव आपल्या गावासारखे आहे: आपल्याकडे उपकेंद्र आहे, आशाताई आहेत, आणि अॅम्लोडिपिनसारखी गोळी स्वस्त आहे. कमी आहे ती रोज घेण्याची शिस्त. ‘आता बरे वाटते, गोळी बंद केली’ हे वाक्य बाह्यरुग्ण विभागात ऐकले की मला वीस वर्षांनंतरचा तो माणूस दिसतो.

मधुमेहाचेही तसेच, साखर मध्यम वयातच आटोक्यात हवी. सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या आणि वजन घटवण्याच्या औषधाबद्दल पुष्कळ आशा होती, पण सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये ते घसरण मंदावत नाही असे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मेंदू खचू लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीची पंधरा वर्षे जपावीत, याला हा आणखी एक दुजोरा मानता येईल.

कान हा दुर्लक्षित विषय आहे. ऐकू कमी आले की माणूस पारावर जाणे सोडतो, लग्नकार्यात कोपऱ्यात बसतो, आणि मेंदूला मिळणारे खाद्य आटते. २०२३ च्या एका अमेरिकी चाचणीत ९७७ वृद्धांना श्रवणयंत्र किंवा नुसते आरोग्य-शिक्षण दिले. सगळ्यांचा एकत्र विचार करता फरक पडला नाही, पण ज्यांचा धोका आधीच जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांतील घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. घरातील वृद्धांच्या कानातील मळ काढणे, श्रवण तपासणे आणि मोतीबिंदू वेळेवर काढणे ही कामे कोणत्याही गोळीइतकीच महत्त्वाची आहेत. व्यायाम, आहार, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेची देखरेख हे सगळे एकत्र केल्यास फायदा होतो हे फिनलंडमध्ये १२६० लोकांवर २०१५ साली दिसले होते, आणि २०२५ मध्ये अमेरिकेतील २१११ लोकांच्या चाचणीत त्याला पुष्टी मिळाली.

आपल्या भागाशी जवळचे नाते असलेला एक अभ्यास मुद्दाम सांगतो. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी यांनी ६४८ स्मृतिभ्रंश-रुग्ण पाहिले आणि २०१३ मध्ये लिहिले की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही टिकून होता. आपल्याकडे ज्यांनी निजामाच्या काळी उर्दूतून शाळा शिकली आणि घरी मराठी बोलली, देगलूर-उदगीरकडे जे तेलुगू किंवा कानडीतही सहज वावरतात, त्यांच्या पिढीबद्दल असा अभ्यास मराठवाड्यात कुणीतरी करायला हवा, असे मला फार वाटते. ती पिढी आता झपाट्याने कमी होत आहे.

या भागातील आणखी दोन गोष्टींकडे संशोधकांचे लक्ष जायला हवे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये शासकीय समितीने पाहणी केली. त्यांतील पुष्कळ स्त्रिया तरुण होत्या. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००७ च्या अभ्यासात, पाळी जाण्याच्या वयाआधी अंडाशये काढलेल्या स्त्रियांत पुढे बोधनदोष आणि स्मृतिभ्रंश अधिक आढळला, आणि शस्त्रक्रिया जितक्या कमी वयात तितका धोका अधिक. आपल्या स्त्रियांपैकी कुणाचे केवळ गर्भाशय काढले आणि कुणाची अंडाशयेही गेली, याची नोंद असलेला कागदही अनेकींकडे नसतो. त्या साठीला पोहोचतील तेव्हा काय होईल, याची मला मनापासून काळजी वाटते. दुसरी गोष्ट ऊसतोडीचा हंगाम: दिवाळीच्या सुमारास तरणी माणसे कारखान्याकडे जातात, मागे आजी-आजोबा आणि नातवंडे उरतात, आणि आजीला विसर पडू लागला हे ओळखणारे कुणीच घरात नसते. भारतातील २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीपुढील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश आहे, स्त्रियांत ९.० तर पुरुषांत ५.८ टक्के, खेड्यांत ८.४ तर शहरांत ५.३ टक्के. निरक्षर, खेड्यातील, स्त्री: आपल्या आई या आकड्यांच्या अगदी मध्यभागी उभ्या आहेत. कर्नाटकात श्रीनिवासपूर तालुक्यात बंगळुरूचे सेंटर फॉर ब्रेन रिसर्च ४५ वर्षांवरील ग्रामस्थांचा वर्षानुवर्षे माग काढत आहे. आपल्याकडेही तसे व्हावे.

सेवेचे संशोधनही संशोधनच असते, आणि आईंच्या बाबतीत आज तेच सर्वांत उपयोगी आहे. गोव्यात ८१ कुटुंबांवर केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थोड्या प्रशिक्षणाने तयार केलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी जाऊन आजार समजावत, वागणुकीतील त्रास कसा हाताळावा ते सांगत. त्याने सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण ठळकपणे कमी झाला. डब्याचा आळ हा आजाराचा भाग आहे हे सूनबाईंना घरातील सगळ्यांसमोर स्पष्ट सांगा. वाद घालू नका, पुरावा मागू नका. ‘चला, दोघी मिळून शोधू’ म्हणावे आणि डबा सापडला की गवगवा न करता हातात द्यावा. आईंच्या पदराला किंवा गळ्यातील दोऱ्याला गावाचे नाव आणि फोन असलेली चिठ्ठी लावा. अचानक एक-दोन दिवसांत बरळणे किंवा गुंगी सुरू झाली, तर ते आजार वाढल्याचे समजू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो, लगेच दाखवा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही हाताशी असू द्या.

जमिनीचा विषय आपणच काढला म्हणून सांगतो: सातबारा आईंच्या नावावर असेल, तर त्यांना व्यवहार समजतो आहे की नाही हे डॉक्टरांकडून लेखी तपासून घेतल्याशिवाय कोणत्याही कागदावर त्यांचा अंगठा घेऊ नका. आज त्यांना आपले म्हणणे नीट सांगता येत असेल, तर त्यांची इच्छा काय आहे ते आत्ताच, वकिलांसमोर, त्यांच्या तोंडून नोंदवून घ्या.

तपासणीला येताना औषधांची पिशवी जशी आहे तशी आणा, जुने कागद आणा, आणि सूनबाईंना बरोबर आणा, कारण दिवसभर आईंजवळ त्याच असतात. त्याच फेरीत आपला रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलही तपासून घ्या.